खालचा थोडा कमी करा

मायक्रोफोनचा आवाज नीट लावून घ्यायचा, एवढंच काम होतं. चहा निवायच्या आत उरकेल असं. निदान चष्मेवालीला तसं वाटलं होतं. तिने संध्याकाळी चष्म्याचं दुकान लवकर बंद केलं, घरी येऊन आईला "आलेच" म्हटलं आणि वर्षभर बंद असलेल्या रेडिओच्या खोलीचं दार उघडलं.

मागच्या बाजूची अरुंद खोली. एक टेबल, एक खुर्ची, टेबलावर रेडिओचा सेट, आणि खिडकीच्या भोकातून गच्चीवरच्या एरियलकडे गेलेली जाड काळी केबल. सगळ्यावर धूळ. सेट सुरू केला तशी धूळ तापली आणि खोलीला जुना वास आला. त्यात रबर होतं, तापलेलं लोखंड होतं आणि लवंग होती. घसा बसू नये म्हणून तिचे बाबा बोलताना दाढेखाली लवंग धरत. मायक्रोफोनवरच्या काळ्या स्पंजात तो वास इतका मुरला होता, की तिने तोंड जवळ नेलं आणि पटकन मागे घेतलं.

हौशी रेडिओवाल्यांची जात वेगळीच. परवाना काढायचा, घरात सेट मांडायचा, आणि दूरदूरच्या माणसांशी हवेतून गप्पा मारायच्या. त्या गप्पा तरी काय, तर माझा सिग्नल कसा येतो आणि तुमचा गुडघा कसा आहे. या मंडळींची दर रविवारी सकाळी हजेरी असे. एकाने नावं घ्यायची, बाकीच्यांनी "हजर" म्हणायचं. नियम मोजके होते, पण पक्के. हजेरी घेणारा शेवटी "फ्रिक्वेन्सी मोकळी" म्हणत नाही, तोवर ती जागा त्याची. आणि मंडळींपैकी कोणी वारलं, तर पुढच्या हजेरीत त्याचं नाव सर्वांत शेवटी घ्यायचं. श्वास धरून सगळ्यांनी गप्प राहायचं. उत्तर येत नाही असं बघून हजेरी घेणाऱ्याने "हे स्टेशन आता शांत" म्हणायचं. मग ते नाव निघायचं.

चष्मेवालीच्या बाबांनी ही हजेरी वर्षानुवर्षं घेतली. मंडळी त्यांना खर्जसाहेब म्हणत. आवाजच तसा होता. जेवताना "मीठ द्या" म्हणाले तरी घरातल्यांना आपला काहीतरी गुन्हा झालाय असं वाटे. टेबलाच्या कडेला एक लाकडी पट्टी असे. स्वयंपाकघरातून जरा खुट्ट झालं, की ती पट्टी टेबलावर एकदा वाजे. टक्. मग आई कुकरखालचा गॅस बंद करी, चपला काढून हातात घेई, धुतलेली भांडी टॉवेलवर पालथी घाली. ब्र काढायची कोणाची टाप नव्हती.

मुलीला मात्र त्यांनी सगळं शिकवलं. तारांच्या जोडांना डाग देणं, एरियल बांधणं, सेट खोलून पुन्हा जोडणं. परवानाही काढायला लावला. फक्त मायक्रोफोन कधी हातात दिला नाही. "चिमणे, तुझा आवाज पातळ आहे," ते म्हणत. "पलीकडे पोचत नाही." लाडाने म्हणत, हेच जास्त वाईट होतं.

गेल्या वर्षी ते हजेरी घेता घेताच गेले. "पुढचं स्टेशन..." म्हणाले आणि संपलं. बोलायच्या बटणावरचं बोट तसंच राहिलं. त्यामुळे दूरदूरच्या घरांत बसलेल्या मंडळींना त्या खोलीतलं घड्याळ ऐकू येत राहिलं, आणि मग बऱ्याच वेळाने आईचा दबका आवाज, "अहो... अहो?"

त्यानंतर हजेरी बंदच पडली. जो नावं घ्यायचा तोच गेला, तर त्याचं नाव घ्यायचं कोणी? फ्रिक्वेन्सी मोकळी करायची कोणी? जो तो दुसऱ्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात वर्ष गेलं. शेवटी मंडळींतल्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरांनी चष्मेवालीला फोन केला. "येत्या रविवारपासून तू घे गं हजेरी. आता तूच," असं म्हणाले. ती लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की तिचं तिलाच हसू आलं.

म्हणून ही माईकची चाचणी. पलीकडे पोस्टमास्तर बसले होते.

"पातळ येतोय," ते म्हणाले. "कसं सांगू... पत्र्यावर वाटाणे पडल्यासारखा."

"थांबा काका. आवाज लावून बघते."

सेटच्या पडद्यावर तीन आकडे होते. खालचा, मधला आणि वरचा. खालचा वाढवला की आवाजाला जाडी येते, वरचा वाढवला की धार. चष्मेवालीला हे काम नवं नव्हतं. दुकानात ती दिवसभर हेच करे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं, आता बरं की आधीचं? तसंच ती एकेक आकडा बदलत गेली. बदलता बदलता एक जुनी, साठवून ठेवलेली मांडणी समोर आली. खालचा पार वर चढवलेला, मधला दाबलेला, वरचा कापलेला. ही बाबांची. तिने तीच लावली.

"आता बरं की आधीचं?"

पलीकडे नुसती खरखर.

"काका?"

"...अगं बाई." पोस्टमास्तर हळू आवाजात म्हणाले. "खर्जसाहेबच समोर बसलेत असं वाटलं. काटा आला अंगावर. हेच ठेव. हाच आवाज हवा हजेरीला."

तिने तेच ठेवलं. आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडलं. पुढच्या दोन-तीन संध्याकाळी ती त्या आवाजात बोलत बसली. एरवी तिचं वाक्य अर्ध्यावर तोडणारे बाप्ये आता तिचं संपेपर्यंत थांबत. दूरच्या बंदरात राहणारा, जन्मभर जहाजावर रेडिओ सांभाळलेला कॅप्टन तर तिला चक्क "हो साहेब" म्हणाला. ती खुर्चीत बसल्या बसल्या खो खो हसली.

घरातलं हसू मात्र आटत चाललं होतं, ते तिच्या उशिरा लक्षात आलं.

बाबा गेल्यावर आई बदलली होती. रडली, मग सावरली, आणि एक दिवस भांडी घासताना मोठ्याने गायला लागली. सूर यथातथाच होता. पण होता मोकळा. कुकरच्या शिट्ट्या मनसोक्त होऊ लागल्या. चपला फटक फटक वाजवत ती घरभर फिरे. या बयेला इतकं बोलता येतं, हे लेकीलाही पहिल्यांदाच कळलं होतं. तीच आई त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात अनवाणी उभी होती, आणि धुतलेली वाटी टॉवेलवर पालथी घालत होती.

"आई, चपला हातात का घेतल्यास?"

"उगाच आवाज नको."

"कोणाला नको?"

आईने रेडिओच्या खोलीकडे एकदा बघितलं. "आज बराच वेळ चाललं होतं यांचं."

"आई, मी बोलत होते."

"हो की," आई समजुतीने म्हणाली. "तू पण बोलत होतीस. मधे मधे."

चष्मेवालीने दुसऱ्या दिवशी हेडफोन कानाला लावला आणि सेटचा मॉनिटर सुरू केला. त्यात आपलाच आवाज पलीकडे कसा जातोय ते ऐकता येतं. बाहेर दिवस मावळला होता. तिने दिवा लावला नव्हता, पडद्याचा पिवळा उजेड तेवढा हातांवर पडला होता. तिने बटण दाबलं, "चाचणी, चाचणी" म्हटलं. कानात तेच शब्द आले, जाड होऊन, किंचित मागून. तिने बटण सोडलं.

कानात श्वास चालू राहिला.

तिचा नव्हता. तिने तर श्वास रोखला होता. संथ, भरलेला श्वास. मग दाताखाली काहीतरी कडक वस्तू फिरली, जशी लवंग फिरते, तशी. आणि अगदी जवळून, कंटाळलेल्या आवाजात,

"...पुढचं स्टेशन."

तिने हेडफोन ओरबाडून काढला. भीती वाटली का? वाटली. भिंत धरून उभी राहिली. मग दिवा लावला आणि कामाला लागली. ती साठवलेली मांडणी पुसून टाकली. तिन्ही आकडे शून्यावर आणले. स्पंज काढून कचऱ्यात टाकला. मायक्रोफोनची वायर उपसली आणि खोलीला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं, तर वायर जागच्या जागी होती. खालचा आकडा पार वर होता. स्पंज मायक्रोफोनवर होता, आणि तोंडाच्या वाफेने ओला व्हावा तसा ओला होता.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ज्याने कोणी ही म्हण केली, त्याची खर्जसाहेबांशी गाठ पडली नसावी.

शनिवारी संध्याकाळी घरात दिवा नव्हता. आई स्वयंपाकघरात अंधारात बसली होती. कुकर थंड होता.

"तू नको घेऊस हजेरी," आई कुजबुजली. "त्यांना घेऊ दे. तासभराचं तर असतं. आपण गप्प बसू. सवय आहे मला..."

चष्मेवालीच्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस पोटात होती ती भीती होती, आणि आता जे वर आलं ते वेगळं होतं. एका वर्षात आईचा आवाज मोकळा झाला होता, आणि हौसेपायी तिनेच या घरात तो दुसरा आवाज पुन्हा लावला होता.

"तासभराचं नव्हतं ते, आई. तुझा आख्खा जन्म गेला त्यात." तिने दिवा लावला. "उद्या हजेरी मी घेणार. माझ्या आवाजात. आणि तू सकाळी कुकर लावायचा. शिट्ट्या होऊ द्यायच्या. कळलं?"

आईने मान हलवली. हो की नाही, ते काही कळलं नाही.

रविवारी सकाळी दाट धुकं उतरलं होतं. खिडकीबाहेरची गल्ली पुसून गेली होती. एरियलची केबल भोकातून बाहेर जात होती आणि हातभर अंतरावर संपत होती. हवाही खराब होती. सेटमधून सारखी खरखर येत होती, वाळू चाळल्यासारखी. तिने स्पंज काढून बाजूला ठेवला, तिन्ही आकडे शून्यावर आणले आणि बटण दाबलं.

"नमस्कार मंडळी. मी चष्मेवाली. आजची हजेरी मी घेते."

बोलता बोलता तिला पडद्यावर दिसलं, खालचा आकडा चढत होता. एकेक करत, सावकाश, कोणी जिना चढावा तसा. आणि हेडफोनमध्ये तिचंच वाक्य परत आलं.

"आजची हजेरी मी घेतो."

"कोण... कोण आहे?" पोस्टमास्तरांचा आवाज आला.

"हा काय चावटपणा लावलाय?" मंडळींतला दाताचा डॉक्टर ओरडला. पण ओरडण्यात जीव नव्हता.

तिच्या जिभेला लवंगेची चव आली. तिने आकडा खाली ओढला. तो पुन्हा चढला. पुन्हा ओढला, पुन्हा चढला. मागे, मानेच्या अगदी मागे, खुर्चीची पाठ कुरकुरली.

"चिमणे... ऊठ. ती जागा माझी आहे."

आणि टक्.

पट्टी टेबलाच्या कडेला होती तशीच होती. हललीही नव्हती. पण आवाज झाला. स्वयंपाकघरात नुकतीच सुरू झालेली कुकरची शिट्टी अर्ध्यात मेली. आईने गॅस बंद केला होता.

ती अर्धी शिट्टी ऐकली आणि चष्मेवालीची भीती संपली. खरं सांगायचं तर संपली नाही, पण भीतीला विचारतो कोण!

"आई!" ती घसा फोडून ओरडली. "गॅस पेटव! चपला घाल, आणि इकडे ये!"

तिने हेडफोनची वायर खेचून काढली. आता जे काही होतं ते खोलीत, उघड्यावर, स्पीकरमधून येणार होतं. एकटीच्या कानात काही नको. खालच्या आकड्यावरचा हातही तिने काढून घेतला. चढू दे किती चढायचं ते.

"मंडळी, मी चष्मेवाली," ती म्हणाली. जाड आवाज तिच्या शब्दांवर येऊन बसला, ब्लँकेट टाकल्यासारखा. ती थांबली नाही. "पोस्टमास्तर."

पोस्टमास्तर बोलले नाहीत. भ्याले होते बिचारे. पण खरखरीतून दुसराच आवाज आला. कॅप्टनचा. बंदरातून, इतक्या लांबून, तुटक तुटक.

"इथे हवा फार वाईट आहे. कोणीतरी एक जाड आवाजात बोलतंय. नुसती घरघर येते, शब्द एकही कळत नाही. पण त्याच्यावरून एक बारीक आवाज येतोय. तो स्पष्ट आहे. लख्ख. बारीक स्टेशन, तुम्ही बोला. बाकीच्यांनी गप्प बसा."

चष्मेवाली क्षणभर पडद्याकडे बघत राहिली. हे तिला ठाऊक असायला हवं होतं. बाबांनी शिकवलेल्या सगळ्यात हे कुठेतरी होतंच. हवा खराब असली की जाडी वाटेतच विरते, आणि धार तेवढी पोचते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं.

"पोस्टमास्तर," तिने पुन्हा हाक मारली. आपल्या पातळ, चिरक्या, पत्र्यावरच्या वाटाण्यांच्या आवाजात.

"...हजर," पोस्टमास्तर म्हणाले.

"दाताचे डॉक्टर."

"हजर आहे. पण लवकर उरका."

"कॅप्टन."

"हजर. छान येतंय."

एकेक नाव ती घेत गेली. प्रत्येक नावामागे तो श्वास होता, प्रत्येक "हजर"नंतर मानेमागे लवंगेचा वास दाटत होता. मागे फटक फटक चपला वाजल्या आणि दाराशी आई येऊन उभी राहिली. स्वयंपाकघरात कुकरने दणकून शिट्टी दिली.

"आता शेवटचं नाव," चष्मेवाली म्हणाली. "हे मागच्या वर्षीच घ्यायला हवं होतं. आपण कोणीच घेतलं नाही. चूक आपली. खर्जसाहेब."

सगळी फ्रिक्वेन्सी गप्प झाली. खरखरसुद्धा दबली. दूरदूरच्या घरांत माणसं श्वास धरून बसली असतील. आईने दाराची चौकट घट्ट धरली होती. नियमाप्रमाणे थांबायचं तेवढं ती थांबली. मग "हे स्टेशन आता शांत" म्हणायला तिने तोंड उघडलं.

"...हजर."

खिडकीची काच थरथरली. आई मटकन खाली बसली.

उत्तर आलं तर नाव काढता येत नाही. नियम म्हणजे नियम. आणि उत्तर दिलेल्या स्टेशनचं काय करायचं, तेही ठरलेलं असतं. त्याला त्याचा आवाज कसा येतोय ते सांगायचं. चष्मेवालीने खुर्ची पुढे ओढली.

"खर्जसाहेब, तुम्ही ऐकू आलात. आवाज फार जड आहे. शब्द कळत नाहीत. खालचा थोडा कमी करा आणि परत या."

जन्मात त्यांना कोणी असं सांगितलं नव्हतं. पडद्यावरचा आकडा जागेवरच कापायला लागला.

"चिमणे..."

"हजेरी चालू आहे. मधे बोलायचं नाही. तुमचाच नियम."

तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. आईचा. ओला, साबणाचा वास असलेला. त्याने टेबलाच्या कडेची पट्टी उचलली आणि टेबलावर आपटली.

टक्.

"ऐकलंत ना ती काय म्हणाली?" आई म्हणाली. मायक्रोफोनसमोर आपणहून ती पहिल्यांदाच बोलत होती, आणि सगळ्या मंडळींना ऐकू जात होतं. "कमी करा."

आकडा उतरला. एक. मग आणखी एक.

"...आता?" स्पीकरमधून आलं. आवाज अर्धा झाला होता.

"अजून जड आहे," चष्मेवाली म्हणाली.

"...आता बरं?"

"आणखी."

आकडा शून्यावर आला, शून्याच्या खाली गेला, आणि जातच राहिला. शेवटी जे आलं ते इतकं पातळ होतं, की खिडकीबाहेर चिमणी चिवचिवली असावी असं वाटलं. "...आता... बरं की... आधीचं?"

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हा प्रश्न तिच्या दुकानातला होता. दुकानात बाबा कधी आले नव्हते; या खोलीत तो तिने विचारला होता, तो त्यांची मांडणी लावली त्या संध्याकाळी.

"आता बरं," ती म्हणाली. "नोंद झाली. पुढच्या वेळी नाव घेईन तेव्हाच बोला. मंडळी, फ्रिक्वेन्सी मोकळी."

वास गेला. धुकं होतं तसंच होतं. स्वयंपाकघरातून करपल्याचा धूर येऊ लागला, तेव्हा आईला कुकर आठवला. ती पळाली. गॅस बंद करून, काळा पडलेला कुकर घेऊन तशीच दारात आली आणि हसत सुटली. रडत होती की काय कोण जाणे, पण आवाज हसण्याचा होता आणि चांगला मोठा होता.

आता हजेरी दर रविवारी होते. चष्मेवाली घेते. तिन्ही आकडे शून्यावर असतात आणि आवाज पातळच जातो. कोणी तक्रार केली तर ती "तुमचे कान लावून घ्या" म्हणते. आई स्वयंपाकघरात गात असते.

मधे एकदा पोस्टमास्तरांनी फोन केला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ते हळूच म्हणाले, "सगळ्यात शेवटी ते कोण येतं गं? अगदी बारीक आवाजात 'हजर' म्हणतं?"

"नवशिके आहेत," चष्मेवाली म्हणाली. "शिकतील."

शेवटचं नाव घ्यायची वेळ झाली की आई गाणं थांबवून, हात पुसत, खोलीत येऊन उभी राहते. "हजर" येतं, आणि त्याच्यामागोमाग पडद्यावरचा खालचा आकडा हळूच एकाने वर सरकतो. आई पट्टी उचलते, एकदा टक् करते. आकडा खाली येतो.

मागच्या रविवारी दोनदा टक् करावं लागलं.